खालच्या तुकड्याचं मीठ

मनामा, बहारीन
5 डिसेंबर

तीर्थस्वरूप तात्यांस,


शुक्रवारच्या फोनवर तुम्ही सगळं सविस्तर सांगितलंत. ऊसतोडीची टोळी अजून आली नाही, मुकादम फोन उचलत नाही, काकूचा गुडघा पुन्हा धरलाय. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालात, "खालच्या तुकड्याला जरा पांढरं आलंय." तात्या, तुमचं 'जरा' मला चांगलं ठाऊक आहे. आबांच्या छातीत कळ आली त्या दिवशीही कॉलेजवर फोन करून तुम्ही 'जरा बरं नाही' असंच म्हणाला होता.

वर तीन इलाजही तुम्हीच सांगून टाकलेत. युरियाचं एक पोतं जादा टाकायचं. दुकानदार म्हणतोय म्हणून जिप्सम आणायचं. आणि काहीच लागू पडलं नाही, तर वरची माती वीटभट्टीला देऊन टाकायची. तिन्हींना माझा नकार आहे. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र.

मी इथं रोपवाटिकेत काम करते हे तुम्हाला माहीत आहे. गावात तुम्ही 'पोरगी परदेशात शेती बघती' असं सांगता, तेही माझ्या कानावर आलंय. ही शेती म्हणजे रस्त्याच्या कडेची झाडं, बंगल्यांची हिरवळ आणि कुंड्या. खरी शेती बघायची तर उत्तरेच्या कडेला, बुदैयाच्या रस्त्यानं जावं लागतं. देशाचं सगळं क्षेत्रफळ 800 चौरस किलोमीटरच्या आत, त्यात शेतीजोगी जमीन म्हणजे ही किनाऱ्यालगतची चिंचोळी पट्टी. वर्षाचा पाऊस जेमतेम 70-80 मिलिमीटर. गगनबावड्याला जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो. हिवाळ्यात बुदैयाच्या बागेत दर शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. टोमॅटो, मुळा, कोथिंबीर, खजूर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन नुसती वास घेत उभी राहिले होते. विकणारा म्हातारा हसला आणि पैसे न घेता जुडी देऊन मोकळा झाला.

त्या रस्त्यावर जुन्या बागांच्या भिंती लागतात. काही भिंतींआड खजुरी हिरव्यागार आहेत. काहींच्या आड नुसते खांब उभे आहेत, शेंडा गेलेले, बोडके. पहिल्या वर्षी मला वाटलं कीड लागली असेल. मग एकदा गाडी थांबवून आत डोकावले. जमीन पांढरी होती, पायाखाली करकरत होती. वाळलेल्या पापडावर चालल्यासारखी.

या बेटाची गंमत सांगते. 'बहारीन' म्हणजे दोन समुद्र. त्यातला एक खारा, तो दिसतोच. दुसरा गोडा, जमिनीखालचा, असं इथले लोक सांगतात. सौदीच्या बाजूनं खडकांतून गोडं पाणी इकडं वाहत येई आणि बेटावर जागोजाग झरे फुटत. समुद्राच्या तळाशीसुद्धा झरे होते. मोती काढणारे पाणबुडे खाऱ्या पाण्यात बुडी मारून तळाशी चामड्याच्या पिशवीत गोडं पाणी भरून आणत. बारबार गावाजवळ चार हजार वर्षांहून जुनं देऊळ सापडलंय, त्यात खाली उतरत जाणारी पायऱ्यांची विहीर आहे. ते देऊळ एन्कीचं असावं असं अभ्यासक मानतात. एन्की म्हणजे जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा देव. आपल्याकडं नदीकाठी देव असतो, यांच्याकडं खडकाखाली होता.

मग पंप आले. 1925 च्या सुमाराला फ्रँक होम्स नावाच्या एका न्यूझीलंडच्या माणसानं इथल्या शेखांना खोल विहिरी खोदून पाणी काढून दिलं, आणि त्या बळावर तेल शोधायचा परवाना मिळवला. 1932 मध्ये तेल लागलं. पुढं लोक वाढले, बागा वाढल्या, विहिरी वाढल्या. गोडं पाणी जेवढं येत होतं त्याहून जास्त उपसलं गेलं. जमिनीखालची जागा रिकामी राहत नाही, तात्या. गोडं सरलं तिथं खारं शिरलं. तेच पाणी पिकाला दिलं, वर उन्हानं वाफ झाली, मीठ मातीत उरलं. अधारी नावाचा इथला सगळ्यात नावाजलेला झरा, त्यावर म्हणच आहे: अधारी लांबच्याला पाजते आणि जवळच्याला तहानलेलं ठेवते. आता ती लांबच्यालाही पाजत नाही. झरा आटला. शेजारी मुलांच्या खेळण्यांचं मोठं उद्यान आहे. आमच्या रोपांना तुबलीच्या प्रकल्पातलं, शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी मिळतं.

तुम्ही म्हणाल, हे वाळवंटातलं रडगाणं मला कशाला? आपल्याकडं कृष्णा आहे, पंचगंगा आहे, 2019 ला पुराचं पाणी माळवदापर्यंत आलं होतं. नेमकं तेच सांगायचंय. इथं पाणी उपसून मीठ आलं, आपल्याकडं पाणी ओतून आलं. वाटा उलट्या, मीठ एकच.

खालचा तुकडा आठवा. मी लहान असताना आजी त्यात शाळू आणि हरभरा करायची. मग लिफ्ट इरिगेशनचं पाणी आलं आणि ऊस आला. पाणीपट्टी एकरावर, त्यामुळं पाणी किती दिलं याला किंमत नाही. पाळी आली की मोटर चालू करायची आणि सकाळी बघायचं, ही आबांची पद्धत. तुम्हीही तीच चालवलीत. वरच्या सगळ्या मळ्यांचं जिरलेलं पाणी उताराला येऊन आपल्या तुकड्याखाली साठत राहिलं. काळी माती खोल, निचरा मंद. जमिनीखालचं पाणी चार-पाच फुटांच्या आत आलं, की माती दिव्याच्या वातीसारखी ते वर ओढते. वर ऊन. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेलं मीठ तिथंच बसतं. तुम्हाला दिसलं ते पांढरं म्हणजे या सगळ्याचं शेवटचं टोक आहे. सुरुवात बहुतेक दहा-बारा वर्षांपूर्वीच झाली असेल.

आणि पाणी वर आलं की आधी मुळं गुदमरतात. मुळाला हवा मिळाली नाही की पान पिवळं पडतं. पिवळं पान बघून शेतकऱ्याचा हात कुठं जातो? युरियाच्या पोत्याकडं. 45 किलोचं पोतं 266 रुपयांना. चहाच्या गाड्यावर त्याहून जास्त खर्च होतो. पण गुदमरलेलं मूळ ते खत उचलतच नाही. मातीत हवा नसली की जंतू त्या नत्राचा काही भाग वायू करून उडवून देतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड हवेत शंभर वर्षांच्या हिशोबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे पैसे तुमचे, पीक नाही, आणि वर जगाला ताप. तुम्हाला हवामान बदल म्हटलं की टीव्हीवरची चर्चा आठवते. मला आपला खालचा तुकडा आठवतो.

गंमत म्हणजे इथंच जवळच्या सित्रा बेटावर 1998 पासून नैसर्गिक वायूपासून युरिया तयार होतो, रोज हजारावर टन, आणि जहाजानं बाहेर जातो. ज्यांच्याकडं मूठभर माती आहे ते युरिया विकतात, आणि ज्यांच्याकडं आठ-दहा फूट काळी माती आहे ते तो पाण्यात सोडतात. दोघांपैकी शहाणं कोण, हे मी लिहीत नाही.

मी फार शहाणी आहे असं समजू नका. तीन उन्हाळ्यांपूर्वी मी स्वतः माती केली. रोपवाटिकेत रोज सकाळी पाण्याची विद्युत वाहकता मोजायची असते. सगळे तिला ईसी म्हणतात. पेनासारखा मीटर पाण्यात बुडवला की आकडा दिसतो. पाण्यात मीठ जितकं जास्त तितका आकडा मोठा. आठ दिवस मी तो बुडवला नाही. पाणी रोजच्यासारखंच दिसत होतं, म्हणून. दरम्यान टाकीत कुणीतरी बोअरचं खारं पाणी मिसळलं होतं. नवव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आणि एका रस्त्यासाठी तयार केलेली सगळी फुलझाडं गेली. साहेब काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून मीटर माझ्या खिशात असतो.

आकड्यांचं म्हणाल तर मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे जेमतेम चिखल होईल एवढंच पाणी घालून गाळलेल्या पाण्याची, ईसी 1.7 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढं गेली की ऊस मार खायला लागतो. खजूर 4 पर्यंत मार खात नाही. बार्ली 8 पर्यंत. म्हणजे खजुरीला जेवढं मीठ चालतं, त्याच्या निम्म्यालाच आपला ऊस मार खायला लागतो. आणि एक सावधगिरी: आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर ईसीचा जो आकडा येतो, तो मातीत बरंच जास्त पाणी मिसळून काढलेला असतो, त्यामुळं लहान दिसतो. तिथं 1 च्या आत म्हणजे ठीक असं छापलेलं असतं. 0.9 आलं म्हणून पेढे वाटू नका.

पत्रिकेवरून आठवलं. मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना आपल्या तिन्ही तुकड्यांची माती तपासून कागद आणला होता. केवढी मिरवत आले होते मी! तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात, कपाळाला लावलात आणि देवघरात गणपतीच्या तसबिरीमागं ठेवलात. अजून तिथंच असेल. वाचला कुणीच नाही. 2015 पासून सरकारही असेच कागद वाटतंय, 12 घटकांचे: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्मद्रव्यं, सामू, ईसी आणि सेंद्रिय कर्ब. त्यातले बरेच कागद गावोगाव असेच कुठल्या ना कुठल्या देवाच्या मागं असणार. तसबिरीमागचा कागद काढा. जुना आकडा हीच आपली खरी कमाई आहे, कारण आज काय आहे यापेक्षा तेव्हापासून किती बदललं हे कळणं जास्त मोलाचं.

आता नमुना कसा घ्यायचा. ऊस तुटला की लगेच, नांगर आणि खत पडायच्या आधी. खालच्या तुकड्याचा वेगळा, वरच्याचा वेगळा. दोन्ही मिसळलेत तर दोन्ही वाया. नागमोडी चालत दहा-पंधरा जागी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडा. बांधाजवळ, झाडाखाली, जनावरं बांधता तिथं, खताच्या ढिगाजवळ नको. सगळी घमेल्यात मिसळायची, सावलीत वाळवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती वाळवू नका, नाहीतर प्रयोगशाळा पोत्याचाच अहवाल देईल. एवढं सगळ्यांना माहीत असतं. खालच्या तुकड्यासाठी मात्र आणखी एक हवं: पहिला फूट, दुसरा फूट, तिसरा फूट अशा तीन वेगळ्या पिशव्या. मीठ वर चढतंय की खाली उतरतंय, हे एका पिशवीत कळत नाही.

जिप्समचा निर्णय या कागदाशिवाय घ्यायचा नाही. जिप्सम चोपण जमिनीला. तिथं सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो, माती पावसात लोण्यासारखी आणि उन्हात दगडासारखी होते, सामू साडेआठच्या वर जातो. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जावा लागतो. खाली जायला वाट नसेल तर? तर पांढऱ्यावर पांढरं टाकल्याचं समाधान. नुसती क्षारयुक्त जमीन असेल तर जिप्समचा उपयोगच नाही. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात खालच्या तुकड्यातलं वाळलेलं ढेकूळ सोडा, दुसऱ्यात बांधावरच्या आंब्याखालचं. आंब्याखालचं बराच वेळ आकार धरून राहील. खालच्या तुकड्यातलं जर पिठासारखं विरघळलं आणि पाणी गढूळच राहिलं, तर चोपण असण्याची शक्यता बरीच. काकूला दाखवा. तिला असल्या गोष्टी तुमच्याआधी कळतात.

माती विकायची गोष्ट मात्र पुन्हा काढू नका. वरच्या अर्ध्या फुटातच तर सेंद्रिय कर्ब असतो, जंतू असतात, गांडुळं असतात. एकरातल्या तेवढ्या मातीचं वजन साधारण 8 लाख किलो. कर्ब 0.5 टक्क्यावरून 0.6 वर न्यायचा म्हणजे एकरी 800 किलो कर्ब मातीत मुरवायचा, हवेतला जवळपास 3 टन कार्बन डायऑक्साइड खाली उतरवायचा. आपल्या उन्हात याला वर्षं लागतात, कारण घातलेलं झपाट्यानं कुजून उडून जातं. जे करायला एवढी वर्षं लागतात, ते वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर एका दुपारी नेतो.

म्हणून पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. तुम्हाला जाळलेला फड स्वच्छ दिसतो, मला तो नागवा दिसतो. खोडव्यात सरीआड पाचट पसरलं तर उन्हाचा तडाखा मातीला थेट बसत नाही, वातीनं वर येणारं पाणी कमी उडतं, म्हणजे मीठही कमी वर येतं. पाण्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात ते वेगळंच. नेरळला चंद्रशेखर भडसावळे नावाचे शेतकरी तर भाताचं रान नांगरतच नाहीत. गादीवाफे तसेच ठेवून जुनी मुळं आत कुजू देतात. तुम्हाला एवढं टोकाला जायला मी सांगत नाही. तुमचा नांगर म्हणजे तुमचं दुसरं लग्न आहे, काकूच म्हणते. जुन्या प्रवासवर्णनांत लिहिलंय की इकडं बहारीनचे लोकही पाकटासारख्या माशाचे पर पाण्यात कुजवून खजुरीच्या मुळाशी घालत. काय वास येत असेल! पण वाळूत जीव भरायचा तर काहीतरी कुजवावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

तरी पाचटानं साठलेलं पाणी उतरणार नाही, हे आधीच सांगते. त्याला निचराच हवा. जमिनीत चार-पाच फुटांवर छिद्रांचे पाईप, भोवती गाळणीचं वेष्टण, सगळे मिळून एका मोठ्या पाईपला आणि तो ओढ्याला. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रानं यावर काम केलंय, आणि आपल्याच शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या गणपतराव पाटलांनी शेतकऱ्यांचे गट करून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली. तुम्ही म्हणाला होता, "ते कारखानदार आहेत, त्यांना जमतं." त्यांना जमलं ते गट झाले म्हणून. पाणी बांध बघत नाही. एकट्यानं पाईप पुरले तर शेजाऱ्याचं पाणीही आपल्याच पाईपात येईल आणि पाईप पुढं न्यायचा तर त्याच्याच रानातून न्यावा लागेल. म्हणजे ज्यांच्याशी तुम्ही दोन सऱ्यांच्या भांडणावरून सात वर्षं बोलत नाही, त्यांच्या ओसरीवर जावं लागणार. त्यांचाही तुकडा पांढरा पडलाय, हे मला चुलतभावानं सांगितलं. तुम्ही दोघंही एकमेकांपासून लपवताय.

पाईप लगेच पडणार नाहीत. तोवर एक काम आजच्या आज करा, खर्च दोनशे रुपयांच्या आतबाहेर. बोअरवाल्याच्या हातगिरमिटानं सहा-सात फुटांचं भोक पाडून घ्या. त्यात तेवढाच प्लास्टिकचा पाईप, खालच्या अर्ध्यात भोकं पाडलेला, वर झाकण. दर पंधरा दिवसांनी दोरीला वजन बांधून आत सोडायचं, पाणी किती फुटांवर लागलं ते बघायचं. पाळी द्यायच्या आधी एकदा, नंतर एकदा. आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा, काकू दुधाचा हिशोब लिहिते तिथंच खाली. चार फुटांच्या आत आलं की मोटर बंद ठेवायची, पाळी असली तरी.

परवा इथल्या वाळवंटातलं एक एकटं झाड बघून आले, इथं त्याला जीवनवृक्ष म्हणतात. सुमारे चारशे वर्षांचं, आसपास दुसरं मोठं झाड नाही. जवळ जाऊन पान बघितलं तर काय, शमी! आपण दसऱ्याला जिची पूजा करतो तीच. मी चपला काढल्या. सोबतच्या मैत्रिणीला काही कळेना.

येत्या शुक्रवारी मी फोन करीन. टोळीचं, मुकादमाचं नंतर सांगा. दोरी किती फुटांवर ओली झाली, ते आधी सांगा.

काकूला नमस्कार.

तुमचीच,
धाकटी